जिनिंगमधले बँड : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते एप्रिल २०२५

१० फेब्रुवारी, सोमवार

हिंगणघाट तालुक्यातली जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. नाव लिहायचं नाही असं शेठशी ठरलं आहे. टिनाचं छप्पर, खाली दोन रांगांत डबल रोलर जिन, मागे प्रेस, समोरच्या आवारात कापसाच्या गंज्या आणि फाटकापाशी वजनकाटा. आज फक्त फिरून पाहिलं. सोबत डॉक्टर होते. दर उन्हाळ्यात ऊन लागलेली माणसं त्यांच्या दवाखान्यात उशिरा पोचतात. कोणत्या कामावर, किती वाजता शरीर हरायला लागतं ते आधी कळेल का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी कामगारांना नाडीचे ठोके मोजणारे बँड बांधून पाहायचे, हा प्रकल्प. शेठचा प्रश्न वेगळा आहे : एप्रिलात माणसं दुपारून निघून जातात, प्रेस उभी राहते.

कामाचे तीन गट दिसले. बाया गंजीवरून कापूस टोपल्यांनी आत आणतात आणि त्यातला काडीकचरा, सुतळी, प्लास्टिक निवडतात. जिनवर ऑपरेटर असतात. प्रेसवाले रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात आणि ढकलत नेऊन रचतात. बायांना रोजी, प्रेसवाल्यांना गाठीमागे पैसे. डॉक्टरांनी माझ्या वहीत या शेवटच्या ओळीखाली रेघ मारली.

१४ फेब्रुवारी

बँड आले. साधे आहेत : मागे हिरवा दिवा आणि प्रकाश मोजणारा सेन्सर. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, नाडीच्या ठोक्याबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजायचे. ब्लूटूथवरून आकडे घेणारा, ईएसपी३२ ही छोटी संगणक-चिप बसवलेला डबा मी बनवला. पावलं मोजायची सोय बँडमध्ये आहे, ती साठवायची नाही असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कारण पुढे येईल.

२० फेब्रुवारी

मनगटावर बांधून पाहिले आणि लगेच अडलं. बायांच्या हातात कोपराच्या दिशेनं अर्ध्यापर्यंत बांगड्या. बँड वर सरकवला तर तिथे गोंदण. गोंदणाची शाई प्रकाश गिळते, सेन्सरला नाडी सापडत नाही, स्क्रीनवर नुसत्या दोन आडव्या रेघा. एका मावशीनं त्या रेघा पाहून विचारलं, "मेली का काय मी?" सगळ्या हसल्या.

शेवटी दंडावर बांधायचा पट्टा शिवून घेतला, ब्लाऊजच्या बाहीच्या खाली बसेल असा. हिंगणघाटच्या शिंप्यानं इलास्टिकला मागून सुती अस्तर लावलं, घामानं खाजू नये म्हणून. दंडावर आकडे मनगटापेक्षा चांगलेच येतात, तिथे हाड कमी आणि मांस जास्त. पुरुषांनाही तोच पट्टा दिला. छातीवरचा पट्टा सगळ्यात अचूक असतो, पण तो कोणी बांधणार नव्हतं आणि मी आग्रहही केला नाही.

२४ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून समजावलं. काय मोजणार, काय नाही, कोण पाहणार. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, पण त्यातही नोकरीच्या कारणासाठी मालकाला मोकळीक ठेवली आहे. म्हणून कायद्याच्या भरवशावर न राहता आपले नियम कागदावर मराठीत लिहून वाचून दाखवले : संगणकात फक्त बँडचा नंबर. कोणता नंबर कोणाचा, ती वही बायांनी निवडलेल्या एका मावशीकडे. एकट्या माणसाचा आकडा फक्त त्याला स्वतःला आणि डॉक्टरांना. कधीही पट्टा काढून ठेवला तर कोणी विचारणार नाही.

वयाचा मामला गमतीचा निघाला. उन्हातल्या कामासाठी एक ढोबळ धोक्याची रेघ वापरतात : १८० मधून वय वजा करा, ठोके त्याच्या वर काही मिनिटं टिकले की काम थांबवा. म्हणजे वय हवं. अर्ध्या आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी. नरखेडकडचं माहेर असलेल्या एका बाईनं मग हिशेब असा दिला, "मोवाडचा पूर आला ना, त्याच साली माहं लगन झालं." मोवाडचा पूर ३० जुलै १९९१ चा. लग्न अठराव्या वर्षी धरलं तर आता ५२. कार्डावर ४६ होतं. सहा ठोक्यांचा फरक इथेच पडला. डॉक्टर म्हणाले, जे जास्त वय निघेल ते धरा, म्हणजे रेघ खाली राहील.

३ मार्च

रुईचा त्रास. ईएसपी३२ च्या डब्याच्या जाळीवर सकाळी लावलं की दुपारपर्यंत पांढरी गादी बसते, आतला तापमानाचा सेन्सर भलतंच बोलायला लागतो. जाळी काढून उभा पाइप लावला, आता बरं आहे. बँडचं चार्जिंग जिनच्या हॉलमध्ये अजिबात नाही, ऑफिसातच. कापसात आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा रोलरपाशी ठिणगी पाडतो आणि जिनिंगला आग लागते, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. लिथियमची बॅटरी त्या हॉलमध्ये कोण लावून ठेवणार.

७ मार्च

आज गोळा बनवला. नुसतं तापमान मोजून काही कळत नाही. ओला पारा (ओल्या वातीतलं तापमान), काळा गोळा (काळ्या पोकळ गोळ्याच्या आतलं) आणि सावलीतलं तापमान यांचा मिळून एक आकडा काढतात, त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. छपराखाली सूत्र सोपं आहे : ओल्या पाऱ्याचे ०.७ आणि काळ्या गोळ्याचे ०.३. तयार यंत्र महाग. हार्डवेअरच्या दुकानात टाकीच्या बॉलकॉकला लागणारा तांब्याचा फुगा मिळाला, मोठ्यातला मोठा घेतला. शाळेच्या फळ्याला लावतात तो चकाकी नसलेला काळा रंग दोन हात दिला, भोक पाडून आत सेन्सर सोडला. ओल्या पाऱ्यासाठी मलमलची वात आणि पाण्याची बाटली. फुगा प्रमाण आकाराच्या १५ सेंटिमीटर गोळ्यापेक्षा लहान आहे, त्यामुळे तो थोडं कमी दाखवतो. डॉक्टरांनी मागवलेल्या उसन्या यंत्राशी जुळवून फरक लिहून ठेवला आहे.

दुपारी प्रेसपाशी : सावलीत ३८, ओला २१.५, गोळा ४२. उत्तर २७.७.

शेठ म्हणाले, "बाहेर अडतीस, अन् तुमचं यंत्र सत्तावीस सांगते? मंग तं थंडच हाय ना बाप्पा!"

ही गोष्ट समजावायला वेळ लागला, पण पुढचं सगळं हिच्यावर आहे, म्हणून इथे नीट लिहितो. आपल्याकडचं ऊन कोरडं. कोकणात घाम अंगावरून निथळतो, इथे तो सुकतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला की शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून ओला पारा खाली राहतो आणि आकडा लहान येतो. पण त्या आकड्यात एक गोष्ट गृहीत आहे : माणसाच्या अंगात सुकवायला पाणी आहे. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, त्यामुळे किती गेलं ते कळत नाही. प्रेसवरच्या एका गड्याच्या काळ्या बनियानवर पाठीला पांढऱ्या नागमोडी रेघा होत्या, मिठाच्या. अंग मात्र कोरडं.

आणि २७.७ हे थंडही नाही. आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यात उन्हाला सरावलेल्या माणसाला मध्यम कामासाठी २८ आणि जड कामासाठी २६ ही मर्यादा दिली आहे. बाया रेघेच्या जेमतेम आत, प्रेसवाले मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बाहेर.

१७ मार्च, सोमवार

धुळवडीला जोडून काही जण गावी गेले होते, आज परतले. एका ऑपरेटरनं छाती आवळल्यासारखी होते म्हणून सांगितलं. दर सुट्टीनंतर पहिल्या दिवशी होतं, मग सरतं, म्हणाला. बँडचे ठोके अगदी नेहमीचे.

डॉक्टर एकदम सावध झाले. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची सुरुवातीची खूण हीच : सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं. कायद्यातल्या कळवायच्या आजारांच्या यादीत याचं नाव आहे, म्हणजे निदान झालं तर कळवणं बंधनकारक. त्यांनी पीक फ्लो मीटर आणलं. जोरात फुंकायची साधी प्लास्टिकची नळी, काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर फुंकून आकडा लिहायचा. त्या गड्याला छातीच्या तपासणीला पाठवलं आहे. इथे आमच्या बँडचा उपयोग शून्य. डेटा गोळा करायला लागलं की जे मोजता येतं तेच डोळ्यांपुढे राहतं. जिनजवळच्या सगळ्यांचं फुंकणं आता दर सोमवारी.

गावाहून आलेल्यांना पहिले दिवस अर्धं काम द्यावं, असं शेठना सुचवलं. शरीराला उन्हाचा सराव व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि सुट्टीत तो उतरतो. मुकादम म्हणाला, अर्धं काम कोणी घेत नाही, कारण अर्धी रोजी कोणाला नको. बरोबर आहे त्याचं.

२२ मार्च

आकडे मांडून बसलो. आधी एक तांत्रिक गोष्ट. काम चालू असतानाच्या ठोक्यांवर मी भरवसा ठेवलेला नाही. टोपलं उचलणं-टाकणं किंवा गाठ ढकलणं एका लयीत चालतं आणि सेन्सर कधी कधी नाडी सोडून त्या हिसक्यांची लयच पकडतो. स्क्रीनवर छान स्थिर आकडा येतो, तो असतो हाताचा. माणूस बसला की हा घोळ संपतो. म्हणून काम थांबवून बसल्यानंतरची पहिली तीन मिनिटं धरायची. ही जुनी रीत आहे, घड्याळ लावून मनगटावर बोटं ठेवून करायचे : पहिल्या मिनिटाअखेर ठोके ११० च्या खाली यावेत आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत आणखी किमान १० उतरावेत. तिसऱ्या मिनिटालाही ९० च्या वर आणि उतार १० हून कमी, तर काम त्या उन्हात झेपत नाही.

बायांचे आकडे सकाळी छान. दुपारी तीननंतर त्याच कामाला, तेवढ्याच टोपल्यांना बसल्यावरचे ठोके सकाळपेक्षा बरेच वर. थोडं उन्हामुळे. पण छपराखालचा आकडा जवळपास सारखा असलेल्या दोन वेळा शोधून ताडून पाहिल्या, तरी फरक उरतोच. अंगातलं पाणी घटलं की रक्ताचं आकारमान कमी होतं आणि हृदय तेवढ्याच कामाला जास्त ठोके मारतं. डॉक्टरांचा कयास पाण्यावरच आहे.

प्रेसवाल्यांचा तक्ता बघून मला आधी वाटलं की डबा बंद पडला असेल. तिसऱ्या मिनिटाचा रकाना पानभर रिकामा. डबा ठीक होता. ते तीन मिनिटं बसतच नाहीत. पहिल्या मिनिटाला ठोके ११० च्या वर, दुसऱ्याला माणूस उभा, पुढची गाठ सुरू. गाठीमागे पैसे असताना तो बसेल कशाला?

२५ मार्च

पाण्याबद्दल बायांशी बोलायला मी गेलो असतो तर काही हाती लागलं नसतं. वहीवाल्या मावशीच बोलल्या, मी आणि डॉक्टर बाजूला पाण्याच्या माठापाशी उभे राहून ऐकत होतो.

"पानी पेलं तं जा लागते," एक जण म्हणाली. "अन् जायाले जागा कुठं हाय?"

संडास आहे. बायांचा वेगळा आहे, पाटीही आहे. पण तो वजनकाट्याच्या मागे, जिथे दिवसभर ट्रॅक्टर आणि मालवाहू गाड्या रांगेत उभ्या असतात आणि ड्रायव्हर त्याच भिंतीच्या सावलीत पत्ते कुटतात. दाराची कडी तुटलेली, आत नळाला पाणी नाही. म्हणून बाया सकाळी घरून निघताना जाऊन येतात आणि संध्याकाळी ऑटोनं घरी पोचेपर्यंत थांबतात. पाणी पितात ते जेवताना, तोंड ओलं करण्यापुरतं. उन्हात जड काम करणाऱ्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावं असं सांगतात. इथे दिवसाचे चार पेले होत असतील.

बँडशिवायही हे कळलं असतं, फक्त कोणी विचारायला हवं होतं. पण तीननंतर चढत जाणारी रेघ कागदावर होती म्हणून विचारायची वेळ आली, हेही खरं. शेठना कागद दाखवला तेव्हा त्यांनी संडासाबद्दल वाद घातला नाही. याआधी बायांनी मुकादमाला दोनदा सांगितलं होतं म्हणे.

२७ मार्च

मुकादम संध्याकाळी ऑफिसात आला. "सर, याच्यात कोन काम करते अन् कोन बसून राह्यते, ते दिसत असंन ना?"

दिसलं असतं. म्हणूनच पावलं साठवली नाहीत. तसं सांगितल्यावर त्यानं दुसरा रस्ता काढला : नावं नको, गटाची सरासरी द्या. प्रेसवर एका पाळीत चार माणसं. चौघांची सरासरी म्हणजे नाव सांगण्यासारखंच आहे, कारण एक जण गैरहजर असला की उरलेलं गणित तिसरीतलं पोरगंही करेल. प्रेसचे आकडे आता पाळीनुसार न देता फक्त तासानुसार, महिन्याचे एकत्र. मुकादमाला हे आवडलेलं नाही. वाईट माणूस नाही तो, त्यालाही संध्याकाळी गाठींचा हिशेब द्यायचा असतो.

बायांची मागणी वेगळीच होती. "माहं काळीज किती धावते ते मले तं सांगा!" आता रोज संध्याकाळी मावशी प्रत्येकीला तिचा कागद देतात : सकाळचा आकडा, दुपारचा आकडा. शिकलेली पोर बाकीच्यांना वाचून दाखवते.

२ एप्रिल

पाडव्यानंतर बदल सुरू झाले.

संडासाला नवी कडी, नळाला पाणी, समोर टिनाची आडभिंत. गाड्यांची रांग दुसऱ्या बाजूनं वळवली. पाण्याचा माठ बायांच्या कामापाशी आणला. मुकादम तो संडासाच्या वाटेवर, अगदी दाराशी ठेवणार होता, सोयीचं म्हणून. पिण्याचं पाणी संडास-मोरीपासून सहा मीटरच्या आत ठेवायचं नाही असं फॅक्टरीज अॅक्टमध्येच होतं, म्हणून थांबवलं.

प्रेस सकाळी सहाला सुरू, अकराला बंद, पुन्हा चारनंतर. गाठीचा दर तोच. प्रेसवाल्यांनी दुपारची झोप मिळते म्हणून लगेच मान्य केलं. बायांना ही वेळ जमत नाही. घरचा स्वयंपाक, आणि ऑटो सकाळी नऊच्या आधी येतच नाही. त्यांची जेवणाची सुट्टी तेवढी वाढली.

शेठनी प्रेसपाशी कूलर लावून पाहिला. त्याच्या गवताच्या जाळ्यांत रुई अडकून हवा बंद झाली, काढून ठेवला. छपराला वरून चुना मारायचं काम मात्र झालं. गोळ्याचा पारा उतरलेला दिसतो.

९ एप्रिल

सावलीत ४२, ओला २२.५, गोळा ४७. उत्तर २९.९. बायांना दर तासाला सुट्टी द्या म्हणून ऑफिसात सांगायला जात होतो, तेवढ्यात वजनकाट्यापाशी आरडाओरड झाली.

कापूस घेऊन आलेला शेतकरी. पहाटे निघाला होता, सकाळपासून रांगेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकून उन्हात. बोलणं असंबद्ध झालं आणि मग कोसळला. खिशात कांदा होता, ऊन लागू नये म्हणून ठेवलेला. डॉक्टर नव्हते, फोनवर होते. त्यांचं आधीपासून एकच सांगणं आहे : आधी थंड करा, मग न्या. सावलीत ओढलं, कपडे सैल केले, बारदाना भिजवून अंगावर टाकला, वरून पाणी ओतत राहिलो, दोघं जण दुपट्ट्यानं वारा घालत होते. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालायचं नाही, हे तिथे तीनदा ओरडून सांगावं लागलं, कारण प्रत्येक जण पेला घेऊन धावत होता. १०८ ची गाडी आली तोवर तो नाव सांगत होता. रात्री फोन आला, बरा आहे.

त्याच्या दंडावर आमचा बँड नव्हता, असायचं कारणही नव्हतं. तो जिनिंगचा कामगार नाही. प्रकल्पाच्या कागदावर "कामाची जागा" म्हणून आम्ही जी चौकट आखली तिच्या बाहेर, फाटकापासून पंचवीस पावलांवर, आवारातलं सगळ्यात वाईट ऊन होतं आणि तिथे माणसं तासन् तास उभी होती.

११ एप्रिल

रांगेवर हिरवी जाळी ताणली. माठ ठेवला. टोकन द्यायला सुरुवात केली, म्हणजे गाडी रांगेत आणि माणूस सावलीत. काळा गोळा प्रेसपासून काढून वजनकाट्यापाशी लावला आहे. प्रेसचं आता मला ठाऊक आहे.

१५ एप्रिल

काल जयंती, जिनिंग बंद. आज हजेरी निम्मी, फुंकण्याचे आकडे घेतले. मार्चमधल्या त्या ऑपरेटरला डॉक्टरांनी जिनपासून हलवून गाठींच्या गोदामात काम द्यायला सांगितलं होतं, तिथे तो बरा आहे. त्याचा पगार तोच राहावा यासाठी बोलणं चालू आहे, अजून कबूल झालेलं नाही.

२४ एप्रिल

आवक आटली, शेवटच्या गंज्या उरल्या आहेत. बँड गोळा केले.

आकड्यांचं काय म्हणाल तर : बायांची तीननंतरची चढण एप्रिलात कमी झाली. पण याच दिवसांत आवक घटून टोपलीही कमी झाली, सुट्टी वाढली, छपराला चुना लागला. यातलं कशानं किती, ते या डेटातून वेगळं काढता येत नाही आणि मी काढणारही नाही. डॉक्टरांना एका सादरीकरणात "बँडमुळे सुधारणा" असा मथळा हवा होता, त्यावर आमचं थोडं वाजलं. मथळा बदलला. प्रेसवाल्यांचा तिसऱ्या मिनिटाचा रकाना मात्र अजूनही बराचसा रिकामा आहे. दुपार टळली, पण सकाळच्या पाळीत ते तसेच न बसता गाठी बांधतात. दर गाठीमागे आहे तोवर ते बदलेल असं मला वाटत नाही.

नंबरांची वही मावशींनी सगळ्यांसमोर चुलीत टाकली. संगणकात आता फक्त नंबर आहेत, माणसं नाहीत.

पुढच्या हंगामासाठी शेठनी आणखी बँडांचा भाव विचारला. मी भाव दिला आणि त्याच कागदावर खाली दोन ओळी लिहिल्या : दसऱ्याला सुरुवात करायच्या आधी गाठीच्या दरात बसण्याची वेळ धरायची, आणि जिनच्या धुळीसाठी शोषक पंखे. पंख्यांची किंमत बँडांच्या कितीतरी पट आहे. कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला, जूनमध्ये पेरण्या झाल्या की बसू म्हणाले.